पुरेसे ज्ञान

तहसीलच्या बाबूनं पाठवलंय तिला माझ्याकडे,
फायलीत एक कागद कमी पडतो म्हणून:
अर्जदारास भाषेचे पुरेसे ज्ञान असल्याचा दाखला.
मुख्याध्यापकाची सही, शाळेचा शिक्का.

बंगालीही चालली असती, बाबू म्हणाला,
यादीत आहे ती. पण त्यावर सही करणार कोण?

तिची भाषा यादीत आहे.
माझ्या आईची नाही.
हे मला कळलं वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी,
व्हरांड्यात, खिचडीचं पातेलं खरवडल्याचा आवाज येत असताना.

मालोती हालदार. अर्जात मालती हलदार.
खुलन्याहून आली पासपोर्टवर, मावशीकडे, दोन महिन्यांसाठी.
मावशी अंथरुणाला लागली, मग वारली,
मग मावशीची शिलाई मशीन राहिली.
बावीस वर्षं होतील या पोळ्याला.
गावातल्या निम्म्या पोरांच्या ढुंगणावर तिचीच शिवण,
आणि ती अजून मुदतवाढीवर.

पेपरात जाहिरातही दिली तिनं,
हरवलेली म्हैस आणि विकाऊ प्लॉट यांच्या मध्ये:
कोणास हरकत असल्यास कळवावे.
हरकत कुणाची आली नाही.
रोवण्याच्या बायका तेवढ्या विचारून गेल्या,
फोटो काहून नाही छापला व तुजा?

मी चौथीचं पुस्तक पुढे केलं. वाच म्हटलं.
वाचलं तिनं, ओळीखाली बोट धरून,
मशीनखालून कापड सरकवावं तसं.
पाणी आलं, पानी म्हणाली.
लोणी आलं, लोनी.

तीस वर्षं मी या झाडीत ण शिकवतो आहे.
जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा.
पोरं फळ्यासमोर म्हणून दाखवतात,
फाटकापर्यंत पोचता पोचता सांडून जातो.
मला स्वतःला तो आश्रमशाळेत आला, छडीनं.
आता हिचा हा न कुठला?
तिकडून येताना आणलेला,
की इथल्याच बांधीत, गुडघाभर चिखलात,
परे लावणाऱ्या बायकांच्या ओळीत उचललेला?
कान देऊन ऐकलं. ओळखू येईना.

पुरेसे म्हणजे किती, ते छापलेलं नाही.
पायलीनं मोजायचं की हातानं?
आई ग्रामसेवकासमोर नुसती हसायची,
अंगठा द्यायची, मान हलवायची.
मराठीत तिला बाजारातले आकडे यायचे, आणि 'नको'.
तिच्याकडे कुणी कधी दाखला मागितला नाही.
मेली तेव्हा मीच आणला एक, मराठीत,
तिच्या नावाचा.

दुसरं काही बोल, म्हटलं, पुस्तकातलं नको.
ती गप्प. पंखा फिरत होता.
मग माझ्या हाताकडे बघून,
'बाही उसवली ना जी गुरुजी तुमची.
कोनी सांगतला नाही का घरी?'

घरी कुणी नाही. तिला माहीत आहे.
जीभ चावली तिनं,
आणि पदराच्या काठात खोचलेली सुई काढली.

डावा हात टेबलावर टाकून मी बसलो,
लस टोचून घ्यायला बसतात तसा.
उजव्यानं लिहिलं: पुरेसे ज्ञान आहे.
शिक्क्याचं पॅड वाळलेलं.
थुंकी लावून दोनदा दाबलं,
'जि. प.' उठलं, गावाचं नाव अर्धंच.

खाली तिची सही हवी होती.
तिनं ओकार गाळून लिहिलं, अर्जातल्यासारखं.
मी मध्ये बोललो नाही.

'होईल ना जी आता?' पायरीवरून विचारलं तिनं.
अजून कलेक्टर आहे, म्हटलं. मग मुंबई. मग दिल्ली.
'हो का,' म्हणाली, आणि चपला शोधू लागली.

दोरा गणवेशाचा होता, निळा.
शर्ट पांढरा.
राहू दिला.